न्याय, दया आणि अफू

लेकीला शाळेतून एक जुनं युरोपी चित्र मिळालं होतं, तीन-चारशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. त्यात दोन बायका. एकीच्या हातात तराजू आणि उगारलेली तलवार, तो न्याय. दुसरी त्या तलवारीचं पातं नुसत्या हाताने धरून उभी, ती दया. दोघींत कोण बरोबर, यावर दहा ओळी लिहायच्या होत्या.

माझं मत तयारच होतं. सौदीतल्या दम्मामच्या इस्पितळात वीस वर्षं नर्स आहे, नियम म्हणजे नियम. "ही दुसरी फार आगाऊ दिसते," मी म्हटलं. "तलवार चालतेय तिथे हिने कडमडायचं कशाला?"

"मम्मी, लेकिन पापा के लिए तो हमें वही चाहिए ना?" लेक तिच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली.

मिस्टर चार दिवस पोलिसांच्या ताब्यात होते. त्यांच्या गाडीची धडक बसून एका सौदी म्हाताऱ्याचा पाय मोडला होता आणि चूक यांचीच होती. म्हाताऱ्याने माफ केलं तर लगेच सुटका. नाहीतर पुढे काय, ते कुणीच नीट सांगत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या इस्पितळाची सरकारी कामं बघणारा सुदानी कारकून, पोलीस ठाण्यातून. नुसता ओरडत होता, "सिस्टर, खलास! अफू! अफू!"

मला रडूच फुटलं. या देशात अमली पदार्थ सापडले की काय होतं, हे इथे पाऊल ठेवणाऱ्याला सगळ्यात आधी सांगतात. यांच्या गाडीत अफू सापडली! एरवी यांना अहो-जाहो करणारी मी, फोन कानाला असतानाच लेकीसमोर बोलून गेले, "तरीच! तरीच हल्ली कामावरून उशिरा यायचा. मेल्याने आम्हालाही बुडवलं!"

लेक पांढरीफटक पडली.

"सिस्टर, रोती क्यूं?" पलीकडून कारकून गोंधळून म्हणाला. "अरबी में अफू मतलब माफी! बुड्ढा माफ किया!"

आनंद झाला, नाही असं नाही, पण त्याआधी धक्का बसला तो माझाच मला. सोळा वर्षांचा संसार, आणि साधा एक प्रश्नही न विचारता मी त्या माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळी झाले होते. माझी मलाच भीती वाटली.

हे घरी आले, आंघोळ करून जेवायला बसले. वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून मीच अफूचा किस्सा रंगवून सांगितला, माझं बोलणं तेवढं गाळून. हे ठसका लागेपर्यंत हसले.

"मग तू काय म्हणालीस?"

लेक जेवायची थांबून माझ्याकडे बघत होती. मग सांगितलं सगळं, 'मेल्या'सकट.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "चार दिवसांत पोलिसांनीसुद्धा माझ्यावर असला संशय घेतला नाही."