चाळीसच्या आत उरुळी

गाडीची किल्ली देण्याआधी दिगंबर मिस्त्रींनी मला अटी सांगितल्या. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. एकाच वेगाने फार वेळ चालवायची नाही. दर वीस किलोमीटरला थांबून इंजिन गार करायचं. मागे कोणाला बसवायचं नाही.

"आणि मॅडम, या मापाचा हा शेवटचा पिस्टन होता. जाम झाला तर माझ्याकडे येऊ नका. सरळ भंगारात द्या."

मी शनिवार पेठेत राहते, शाळेत गणित शिकवते आणि माझं वय एकोणपन्नास आहे. कॉलेजात असताना घेतलेली माझी टू-स्ट्रोक मोटरसायकल मिस्त्रींनी चार महिने खपून पळणारी करून दिली होती. सिलिंडर मोठा केला, आतल्या वाटा घासून रुंद केल्या, कार्ब्युरेटर मोठा बसवला. आमच्या यजमानांच्या मते एवढ्या खटपटीत स्वयंपाकघर नवं झालं असतं. ते खरंच आहे, पण स्वयंपाकघर पळत नाही.

रविवारी सकाळी सहाला मी निघाले. उरुळी कांचनपर्यंत जाऊन परत यायचं, एवढाच बेत होता. वाहतूक सुरू व्हायच्या आत शहराबाहेर पडायचं म्हणून इतक्या लवकर. हा विचार पुण्यातल्या आणखी काही हजार लोकांना त्याच वेळी सुचलेला असतो, हे विसरायला नको होतं.

मंडईजवळ भाजीचा टेम्पो आडवा लागला होता. नव्या इंजिनासाठी पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्तच घातलेलं, त्यामुळे पाच मिनिटांत निळसर धुराचा पडदा कोथिंबिरीच्या जुड्यांवर पसरला. जुड्यांमागे बसलेल्या बाईंनी पदर नाकाला लावला.

"डासांची फवारणी का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, नवीन इंजिन आहे."

"मग जुनं काय करत होतं? आग लावत होतं?"

टेम्पो हलला आणि मी सुटले.

सोलापूर रस्त्याला लागल्यावर माझा खरा कस लागला. पेठेतली सगळ्यात वेगवान मोटरसायकल घेऊन मी अडतीसने चालले होते आणि जगातलं प्रत्येक वाहन मला मागे टाकत होतं. दुधाचे कॅन लटकवलेली मोपेड पुढे गेली. शाळेची रिकामी बस गेली. गॅस सिलिंडर लादलेला तीनचाकी टेम्पो गेला. त्याच्या चालकाने जाताना वळून माझ्याकडे काळजीने पाहिलं. माझा सायलेन्सर मात्र शर्यतीत पहिला आल्यासारखा ओरडत होता.

हडपसरच्या सिग्नलला एक गृहस्थ इलेक्ट्रिक स्कूटरवर शेजारी येऊन थांबले. सत्तरीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, उघड्या तोंडाचं हेल्मेट, पायाशी पिशवी. त्यांनी माझी गाडी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत वाचली.

"एवढा आवाज," ते म्हणाले, "आणि एवढाच वेग?"

सिग्नल सुटला. त्यांची स्कूटर मुळीच आवाज न करता निघून गेली, आणि तेच मला फार लागलं.

लोणी काळभोरला वडापावच्या गाडीपाशी थांबले. वडा गरम होता आणि इंजिन त्याहून गरम. मी एका हातात वडा धरून दुसरा हात सिलिंडरच्या पात्यांजवळ नेऊन अंदाज घेत होते. गाडीवरच्या मावशी बराच वेळ बघत होत्या.

"ताप हाय का तिला?"

"थोडा. नवीन इंजिन आहे, सारखं गार करावं लागतं."

"आन् मग घेऊन कशाला हिंडता? घरी निजवायची की."

चहा पिऊन, वीस मिनिटं थांबून, मी पुन्हा निघाले. थेऊर फाटा मागे पडला. दोन्हीकडे ऊस, रस्ता सरळ आणि बराच मोकळा. इतक्यात आरशात तोच इस्त्रीचा शर्ट दिसला. वाटेत कुठेतरी थांबले असावेत. ते शेजारी आले आणि पुढे न जाता माझ्या बरोबरीने चालू लागले.

"ताई, मी काय म्हणतो, हे इंजिन तुम्ही..."

पुण्यात माणसाला आयुष्यात जितके सल्ले मिळतात, त्यातले निम्मे न मागता आणि उरलेले गाडीवरून मिळतात. सकाळपासूनचं सगळं माझ्या डोक्यात साठलं होतं. "मला माहीत आहे!" असं ओरडून मी मूठ पिळली.

पुढची दहा सेकंदं कशी सांगू? आधी क्षणभर काहीच झालं नाही. मग खालून कोणीतरी गाडी उचलून फेकल्यासारखी ती सुटली. ऊस नुसता हिरवा पट्टा झाला. काटा ऐंशीच्या पुढे गेला आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसत होते.

मग आवाज बदलला. बारीक, कोरडा, चिरका. गाडी मागून धरल्यासारखी अडू लागली. हाताने आपोआप क्लच दाबला, इंजिन बंद पडलं आणि मी घरंगळत कडेला आले. किक मारायला पाय टेकवला, तर ती दगडासारखी. शेवटचा पिस्टन जाम झाला होता. चार महिन्यांचं काम मी दहा सेकंदांत संपवलं होतं.

स्कूटर शांतपणे मागे येऊन थांबली. आता 'बघा, मी सांगत होतो' ऐकायची मी तयारी केली.

"किक मारू नका," ते म्हणाले. "हातसुद्धा लावू नका. अर्धा तास बसू."

मैलाच्या दगडाजवळ आम्ही बसलो. त्यांचं नाव दामले. इंजिनांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं नोकरी. काम काय, तर नवीन इंजिन चाचणीच्या बाकावर बसवून ते मोकळं होईपर्यंत चालवायचं.

"दिवसभर?" मी विचारलं.

"दिवसभर. घरी मुलं विचारायची, बाबा ऑफिसात काय करतात? ही सांगायची, आवाज ऐकतात." त्यांनी पिशवीतून पेरू काढून मला दिला. "तुमच्या गाडीच्या आवाजात मघाशी धातूची खरखर येत होती. तेच सांगायला आलो होतो. तुम्हाला आधीच माहीत होतं म्हणालात."

मी पेरू खाल्ला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

इंजिन गार झाल्यावर त्यांनी माझ्याकडचा पाना मागून प्लग काढला, चष्मा कपाळावर नेला आणि प्लगचं टोक उन्हात धरलं. पिस्टन वितळला असेल तर टोकावर चकचकीत कण दिसतात, असं त्यांनी सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"कण नाहीत," ते शेवटी म्हणाले. "नशीब."

प्लगच्या भोकातून त्यांनी माझ्याकडच्या बाटलीतलं चमचाभर ऑइल आत सोडलं. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून आम्ही दोघांनी ती पुढे-मागे हलवली. पुढे, मागे, पुढे. एकदम आतून काहीतरी सुटलं आणि चाक फिरलं. प्लग बसवून मी हलकीच किक मारली. दुसऱ्या किकला इंजिन बोललं. दामल्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"ओरखडा पडलाय. जगेल."

उरुळीला मी गेलेच नाही. त्यांना तिकडे भावाच्या मळ्यावर जायचं होतं, तरी "एकट्या नका जाऊ" म्हणून ते परत वळले. परतीत त्यांच्या स्कूटरचं चार्जिंग कमी झालं, म्हणून ती तिसाच्या वर जाईना. माझ्या इंजिनाला तेच हवं होतं. सोलापूर रस्त्यावरची सगळ्यात सावकाश दोन वाहनं शेजारी शेजारी हडपसरपर्यंत आली. वळायच्या आधी मी विचारलं, "किती किलोमीटरनंतर मोकळी सोडू?"

"सांगून काय उपयोग?" ते म्हणाले, आणि वळले.

त्या दहा सेकंदांचा मला अजूनही पश्चात्ताप होत नाही, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. त्या माणसाचं वाक्य मध्येच तोडलं, त्याचा मात्र होतो. बत्तीस वर्षं जो फक्त ऐकत होता, त्याला मी बोलू दिलं नव्हतं.

अकराच्या सुमारास पेठेत गाडी लावत होते, तेव्हा शेजारचे निवृत्त हेडमास्तर पायरीवर पेपर वाचत बसले होते.

"कुठवर गेला होतात?"

"थेऊर फाट्याच्या थोडं पुढे."

"पाच तास? बसने गेला असतात तर दोनदा जाऊन येणं झालं असतं."

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं, चांगलं धारदार. मी हेल्मेट काढलं, आणि ते पुढे काय म्हणतात ते ऐकत उभी राहिले.