दोन बोटं अलीकडे

जवाहर नगरच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या शिंप्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मास्टरजी म्हणायचे, मीही तेच म्हणायचे.

त्या आठवड्यात माझं हवामानाचं मॉडेल संगणकावर रोज एकाच ठिकाणी कोसळत होतं. वाऱ्याचा वेग अचानक काहीच्या काही वाढायचा आणि काम बंद. गणितातली वेळेची पावलं मी लहान लहान करत नेली, तरी तेच. सोमवारपर्यंत चाललं नाही तर प्रबंधातलं ते प्रकरणच वगळा, असं सरांनी बजावलं होतं.

वैतागलेलीच होते, तशीच आईचा जाड गोट्याचा, म्हणजे जरीच्या पट्टीचा, ब्लाउज आणायला गेले. माझ्यासमोर मास्टरजींच्या मशीनची सुई तुटली.

"धीरे चलाइए ना," मी म्हणाले.

त्यांनी तुकडा मेणाच्या गोळ्यात खोचला, डोळे मिटून शिवणीवरून अंगठा फिरवला. "धीरे से क्या होगा, बेटा? सिलाई ही मोटे काम पर चढ़ रही है."

मग शिवण उसवून त्यांनी ती गोट्याच्या दोन बोटं अलीकडे घेतली.

घरी येऊन मी नकाशा उघडला. मी आखलेल्या क्षेत्राची उत्तर सीमा थेट हिमालयाच्या शिखरांवरून गेली होती. ती पलीकडच्या पठारावर सरकवली आणि मॉडेल शेवटपर्यंत चाललं.

नवा नकाशा घेऊन मी आभार मानायला गेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग डोळे मिटून कागदावरच्या सीमेवरून सावकाश अंगठा फिरवला.

"अब नहीं टूटेगी," म्हणाले.