मावशीच्या घरी आमच्या आधी पोचलेले बोंबील

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कॉमेंटमध्ये कुणी अक्कल शिकवायला नको. मी मोटार इन्शुरन्सच्या क्लेम डिपार्टमेंटला आहे. संशय घेणं हा माझा स्वभाव नाही, ती माझी नोकरी आहे. ‘घाटात पांढरी साडी नेसलेली बाई अचानक समोर आली म्हणून ब्रेक मारला’ असे क्लेम मी स्वतःच्या हाताने नाकारलेत, आणि नाकारल्यावर शांत झोपलोय. भूतबीत, चकवा वगैरेवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. फक्त हल्ली तो शब्द उच्चारताना आवाज जरा खाली येतो...

आम्ही भाईंदर ईस्टला राहतो — मी, बायको वैशाली आणि आई. आई मूळची मालवणी, वेंगुर्ल्याजवळची. तिथल्या जुन्या घरात तिची मोठी बहीण, आमची मावशी, एकटी राहायची. दहा-अकरा वर्षांपूर्वी आम्ही सगळे तिच्याकडे गेलो होतो. आईने बांगड्याचं तिखलं केलं आणि मावशी भर पंगतीत म्हणाली, “भायंदराक जावन तिरफळां घालूची पण इसरलंस गो?” आई पानावरून उठली, पिशवी उचलली आणि दारातून म्हणाली, “जातंय मी.”

आता आमच्याकडे निघताना ‘जातो’ म्हणायची पद्धत नाही. दूध आणायला खाली उतरलात तरी ‘येतो’च म्हणायचं. मयताला सोडून बाकी सगळे ‘येतात’. त्यामुळे मावशीने तो शब्द मनाला लावून घेतला आणि आईला तो परत घ्यायला लाज वाटली. नंतर दोघींनी फोनसुद्धा केला नाही. एका मसाल्याच्या दाण्यावरून!

गेल्या जानेवारीत मावशीच्या मुलाचा, प्रकाशदादाचा फोन आला. मावशीला आता एकटीला ठेवणं शक्य नाही, घर बंद करून परवा सकाळी तिला बेंगळुरूला नेतोय, असं त्याने सांगितलं. आई तडक जवळच्या उत्तनच्या कोळीवाड्यात गेली आणि सुके बोंबील घेऊन आली. त्याचे दोन गठ्ठे केले, एक मावशीला, एक प्रकाशदादाला, आणि दोन्ही आपल्या जुन्या जांभळ्या साडीच्या तुकड्यात बांधले. गाठ मारण्याआधी प्रत्येकात एकेक कोळशाचा तुकडा टाकला. मासे घेऊन लांब निघालं की वासाने नको ते मागे लागतं, म्हणून कोळसा. तो खालच्या इस्त्रीवाल्याकडून आणला होता. मी हसलो. आई म्हणाली, “तू गाडी बघ तुझी.”

सकाळी उजाडता उजाडता गाडी बघितली, तर बॅटरी डाऊन. वैशाली आणि मी मागून जोर लावतोय, गाडी जागची हलेना. तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. निळा चौकड्यांचा शर्ट, खांद्यावर टॉवेल, एका पायात हिरव्या पट्ट्याची चप्पल, दुसऱ्या पायात निळ्या पट्ट्याची. तो म्हणाला, “तू बस आत. धक्का मी मारतो.” त्याने एकच धक्का मारला आणि गाडी सुरू झाली. मी थँक्यू काका म्हणालो. “थँक्यू ऱ्हाऊ दे. येतो हां,” म्हणाला आणि चालू पडला.

आईला थँक्यू हा प्रकार मान्य नाही. थँक्यू म्हणजे माणसाला दाराबाहेरूनच कटवणं, असं तिचं मत. तिने गाडीच्या खिडकीतून डोकं काढून त्याला आमची विंग, मजला, सगळं ओरडून सांगितलं आणि वर ‘या घरी नक्की’ हेही. रस्त्यातल्या रिक्षावाल्यालासुद्धा ती हेच म्हणते, त्यामुळे आम्ही लक्ष दिलं नाही.

माणगावच्या पुढे टायर बसला. स्टेपनी होती, जॅक नव्हता. तो मी कुणाला तरी दिला होता आणि तो कोण हे आठवत नव्हतं. त्यावर वैशाली काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. एक तास हात करतोय, एकही गाडी थांबत नाही. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती, म्हणजे आज पोचलो नाही तर संपलंच. आई नुसती घड्याळ बघत होती. आणि मागे बेवारस उभ्या असलेल्या ट्रकच्या आडून जॅक घेऊन कोण यावं? निळा शर्ट. हिरवी चप्पल, निळी चप्पल.

मी म्हणालो, काका, तुम्ही सकाळी भाईंदरला होतात ना?

“मंग? येतो म्हनलो व्हतो ना,” तो म्हणाला आणि टायर बदलायला बसला.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. एसटीने आला असेल. नाहीतर याचा जुळा भाऊ असेल आणि घरात चपलांची अदलाबदल झाली असेल. वैशालीने त्याला दोन लाडू दिले, त्याने ते टॉवेलात बांधले आणि पुन्हा ‘येतो हां’ म्हणून ट्रकमागे गेला. आईने त्याला पुन्हा घरी बोलावलं. मी डॅशकॅम तपासला. गाडीतला डॅशकॅम माझ्या धंद्याचा अभिमान आहे, पण तो बघतो पुढे आणि हा बाबा दोन्ही वेळा आला मागून. आवाजही नव्हता, कारण आमची भांडणं रेकॉर्ड होतात म्हणून वैशालीने माइक बंद करून ठेवलाय.

खारेपाटण ओलांडलं की आईची भाषा आपोआप बदलते. तिथून पुढे ती सगळ्यांशी मालवणीच बोलते. कणकवलीच्या पुढे मॅपने शॉर्टकट दाखवला आणि आम्ही थेट एका काजूच्या बागेत जाऊन थांबलो. पुढे चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, आणि रस्ता संपलेला. चहाची वेळ टळत आली होती. मी गाडी मागे घ्यायला आरशात बघतो, तर मागे वळलेल्या गडग्याच्या टोकावर तो बसलेला. लाडू खात होता.

या वेळी मी नुसता रस्ता विचारला. बाकी काही विचारायचा धीर झाला नाही, खरं सांगतो. त्याने हाताने रस्ता दाखवला. आई मात्र खाली उतरली, डिकी उघडली आणि बोंबलांचा एक गठ्ठा त्याच्या हातात दिला. गाडीत बसा म्हणाली. तो म्हणाला, “तुमी व्हा पुढं. मी येतो.” आई हात जोडून म्हणाली, “बरां तर. येतंय हां.”

शेवटच्या वळणावर आईचा धीर सुटला. आधी तिला तहान लागली, मग चक्कर आली, मग म्हणाली, आज कुडाळला लॉजवर राहूया. शेवटी खरं बोलली. “मी माझ्याच तोंडान जातंय म्हटलेलंय रे. आता खंयच्या तोंडान परत जाव?” आणि रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. वैशालीने हळूच मला कोपर मारलं. मी तशीच गाडी पुढे घेतली.

मावशी फाटकात उभी होती. एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने फाटक धरून.

“इलंस?” ती म्हणाली. “केदवाची वाट बघतंय गो.”

आई गाडीतून कशी उतरली मला माहीत नाही. दोघी एकमेकींना धरून रडत होत्या आणि मधेच मावशी विचारत होती, जेवलंस काय. आम्ही येतोय हे आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं. आईनेच शपथ घातली होती. म्हणून मी विचारलं, मावशी, तुला कुणी सांगितलं?

“एक म्हातारो इल्लो बोंबील घेवन. तुमची भयण येतंय म्हणाली, असां सांगान गेलो. चाय घे म्हटलंय, तर थांबाक नाय. एका पायात हिरवी, एका पायात निळी... धड चपलां पण नाय मेल्याक.”

केव्हा आला होता?

“मी जेवाक बसलेलंय तेवा.”

मावशी जेवायला बसली तेव्हा आम्ही चिपळूणच्या अलीकडे होतो आणि दोन्ही गठ्ठे आमच्या डिकीत होते. मी स्वयंपाकघरात गेलो. फळीवर जांभळ्या साडीचा तुकडा, आईची गाठ, आत बोंबील. आणि कोळसा. माझ्याकडे कुणी हा क्लेम घेऊन आला असता तर मी फाईल उघडलीही नसती.

रात्री आईने बांगड्याचं तिखलं केलं, मूठभर तिरफळं घालून. कुणालाच खाता येईना, आणि मावशी दोनदा वाढून घेत होती. सकाळी घराला कुलूप लागलं. प्रकाशदादाच्या गाडीकडे जाताना मावशीने आईकडे बघितलं आणि म्हणाली, “येतंय गो.” बंद घराच्या दारात उभी राहून आईही तेच म्हणाली.

परतीच्या वाटेवर आरशात बघून बघून माझी मान आखडली. कुणी आलं नाही, गाडीही कुठे बंद पडली नाही. बोंबील उत्तनचे, म्हणजे तो तिथूनच मागे लागला असेल, असं धरून एका रविवारी मी तिथे जाऊन चौकशी केली. एक कोळीणबाई म्हणाली, इथे कुत्री एकेक चप्पल पळवतात, निम्म्या गावाच्या पायात अशाच जोड्या हायेत. वैशालीने आईला विचारलं की मग कोळशाचा उपयोग काय झाला? आई शांतपणे म्हणाली, कोळसा वाइटांसाठी असतो.

त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेलेत, खरे आभार, आणि ते मला टोचतं. पण त्या काजूच्या बागेत तो ‘मी येतो’ म्हणाला होता, आणि आईच्या मते त्यातलं आमच्याकडचं येणं अजून बाकी आहे. पत्ता त्याला दिलेलाच आहे.

पूर्वी बेल वाजली की मी पीपहोलमधून नीट बघून, दोन प्रश्न विचारून मगच दार उघडायचो. पण पीपहोलमधून चपला दिसत नाहीत. म्हणून हल्ली सरळ दार उघडतो आणि आधी खाली बघतो. त्यापायी सेल्समन थेट आत येतात, आणि आमच्या घरात सध्या दोन वॉटर प्युरिफायर आहेत.