नेकारसुल्मचा नोव्हेंबर आणि मंदारचा अहवाल

दिवाळीच्या सुट्टीत मी जर्मनीला गेलो ते फिरायला नव्हे. माझा धाकटा भाऊ मंदार नेकारसुल्मजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. ती कंपनी पुण्यात चाचणी केंद्र काढणार आणि मंदार त्याचा प्रमुख होऊन कायमचा परत येणार, असं आमच्या घरात वर्षभर चाललं होतं. जूनपासून मात्र तो विषय निघाला की त्याचं नेटवर्क जायचं. शेवटी आई म्हणाली, "तू जाऊन ये बाबा. फोनवर तो मला खरं सांगत नाही." ऐंशीच्या बाईला नाही कसं म्हणणार? शिवाय मी पॉलिटेक्निकात मेकॅनिकल शिकवतो, सुट्टी होतीच.

जाणार असाल तर फ्रँकफर्टला उतरा. मानहाइमला गाडी बदलून हाइलब्रॉन गाठलं की नेकारसुल्म पुढे पाच-सात मिनिटांवर. पण नोव्हेंबरात जाऊ नका. द्राक्षाचे मळे बोडके, आकाश धुतलेल्या पाटीसारखं, आणि पाच वाजायच्या आत अंधार. शाकाहारी मंडळींनी केसश्पेट्झले मागावं, म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया. माउलटाशन चौकोनी करंजीसारखं दिसतं, पण बहुतेक वेळा आत मांस असतं. मी फसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंदारकडे तेया जेवायला आली. ही स्लोव्हेनियाची, बावीस-तेवीस वर्षांची, मंदारच्या हाताखाली काम शिकायला आलेली. नेमका तेव्हाच पुण्याहून नेलेला मिक्सर बंद पडला. "अहो दादा, तुम्हीच बघा आता. चटणी अडलीय," मंदारची बायको ऋजुता म्हणाली. मी पुतणीला, सात वर्षांच्या सानिकाला, मोटर कशी फिरते ते कागदावर आकृती काढून समजावलं. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ऋजुताने हसू दाबत अर्थ सांगितला, "ती विचारतेय, मग तो चालू कधी होणार?"

तेवढ्यात तेयाने स्क्रूड्रायव्हर मागितला. मिक्सर उघडला, अडकलेला कार्बन ब्रश काढून साफ केला, स्प्रिंग बसवली. चटणी झाली. "शाळेत असताना आम्ही काही दिवस कारखान्यातच असायचो," ती इंग्रजीत म्हणाली. मी दिलखुलास दाद दिली. मंदार खाली मान घालून जेवत राहिला.

तिसऱ्या दिवशी त्याने मला बाड विम्फेनला नेलं. गाडीने जवळच आहे, लाकडी चौकटींची जुनी घरं आहेत, चढ मात्र दमवतो. गाव सुंदर असेल, मला नीट आठवत नाही. कॉफी येताच तो म्हणाला, "दादा, केंद्र स्लोव्हेनियाला गेलं."

"अरे, त्या अख्ख्या देशात पुण्याएवढी माणसं नाहीत."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तेवढ्यातही त्यांना हवी तशी माणसं मिळाली. दोन्हीकडे तपासायला मलाच पाठवलं होतं."

मार्चमध्ये तो पुण्याला आला होता, कंपनीने तीन कॉलेजांतली शेवटच्या वर्षाची मुलं एका हॉटेलात बोलावली होती, त्यात आमच्या पॉलिटेक्निकाचीही दोन मुलं. मला केवढा अभिमान वाटला होता.

"मी म्हटलं, हा सेन्सर मोटरला लावा आणि कंपन मोजून दाखवा. मुलं तोंडी परीक्षेच्या सवयीने जर्नलं घेऊन आलेली. त्यांनी ती उघडून दाखवली. एकेका कॉलेजातल्या सगळ्यांची रीडिंगं सारखी, शेवटच्या आकड्यापर्यंत. तिकडच्या पोरांनी मोजलं, चुकली, परत मोजलं, आणि कुठे चुकलो तेही लिहून दिलं."

"मग?"

"मग काय. जे पाहिलं ते अहवालात लिहिलं."

"थोडं सांभाळून लिहायचंस की. आईसाठी तरी." माझा आवाज चढला.

त्याने कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मलाच यायचं होतं रे परत. दोन रात्री ते पान पुढ्यात घेऊन बसलो होतो. दादा, त्यातल्या दोन जर्नलांवर सह्या तुझ्या होत्या."

आमच्याकडे मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलातून आकडे उतरवतात हे मला ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे. उरलेले दोन दिवस आम्ही हवापाण्यावर बोललो.

पुण्यात परतलो तर टेबलावर जर्नलांचा ढीग. मी तो परत पाठवला, म्हटलं, मोजून आणा. विभागप्रमुख बाई दुपारी आल्या. "सर, मुलं साठ, चालू सेन्सर एक. त्यांचं वर्ष घालवायचंय का?" त्यांचंही खरंच होतं. मी संध्याकाळपर्यंत सह्या केल्या.

घरी आई वाट बघत होती. मी सांगितलं, मंदार आता येत नाही, कंपनीने दुसरा देश निवडला. तिने पदराने डोळे पुसले. "आपल्या मुलांत त्यांना काय कमी दिसलं, कोण जाणे," ती म्हणाली. मला माहीत होतं. सांगायची लाज वाटली.