वस्तादांचा ‘जो’ आणि माझी काठी

चि. ईशा आणि चि. मिहिर,

मी आयुष्यात एकाच माणसाला काठीने मारलं आहे, आणि ते गृहस्थ त्या समारंभाचे अध्यक्ष होते.

हे आजच सांगण्याचं कारण म्हणजे ईशाचं पत्र. तुमच्या तिकडच्या क्लबात ती केंडो शिकायला लागली. हातात बांबूची तलवार आणि तोंडावर पिंजऱ्यासारखा मुखवटा, असा फोटोही आला. (मुखवट्यामुळे नक्की ईशाच आहे ना, याची फोटोच्या मागे वाचून खात्री केली.) पत्रात लिहिलंय, “आजी, पहिल्याच आठवड्यात मी शिक्षकांच्या कोपरावर मारलं. परत जायची लाज वाटते. बाबा म्हणतात, आपल्या घरात असलं काही कुणीच केलेलं नाही.”

तुमचे बाबा चुकताहेत. दोष त्यांचा नाही. मी आणि तुमच्या आजोबांनी ही गोष्ट त्यांच्यापासून नीट लपवून ठेवली होती. ईशा, शिक्षकाचं कोपर म्हणजे काहीच नाही. पुढे वाच.

सत्तावन्न साल असावं. मी लग्न होऊन साताऱ्याहून हिंगणघाटला आले होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि हे मी कुणालाही विसरू देत नसे. तिथल्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायची. एक दिवस मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सांगितलं, की गावच्या व्यायामशाळेत बायकांसाठी लाठीचा वर्ग निघालाय, तर आपल्या एका शिक्षिकेने तो शिकून यावा.

“तुम्ही बी.ए. आहात. तुम्हाला काय अवघड!”

लाठीचा आणि बी.ए.चा संबंध काय, हे मी विचारलं नाही. मला तो पटला!

वर्गात आम्ही चौदाजणी होतो. शिकवायला रामाजी वस्ताद होते. साठीचे, आणि हातातल्या काठीपेक्षा किंचितच जाड. ते सगळ्यांना ‘तू’ म्हणत. पहिल्या दिवशी मी जरा भुवया उंचावल्या, तर म्हणाले, “इथं सारे तूच. कलेक्टरीण आली तरी तू!”

आमच्यात सर्वात तयार होती कौसल्या. मिलच्या सूतखात्यात काम करायची, माझ्याच वयाची. आदल्या वर्षी तिच्या घराने बौद्ध धर्म घेतला होता. तिने काठी फिरवली की काठी दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. माझी काठी मात्र सगळ्यांना अगदी सावकाश दिसायची, त्यामुळे सगळ्याजणी वेळेवर बाजूला होत.

आता माझी खरी अडचण सांगते. ती हाताची नव्हती, व्याकरणाची होती. वस्ताद म्हणायचे, “काठी मधात धरजो.” “पाय मांगं घेजो.” “मी सांगीन तवा फिरवजो.” मी प्रत्येक वेळी वाट बघायची. धर, जो... जो काय? फिरव, जो... कोण जो? साताऱ्याच्या मराठीत ‘जो’ आला की मागोमाग ‘तो’ यायलाच हवा. वस्तादांचा ‘तो’ काही येत नसे! कुणाला विचारायचं म्हणजे बी.ए.ला बट्टा. तेव्हा मी माझ्या वहीत (हो, लाठीची वही होती, समास आखलेली) स्वच्छ अक्षरात नोंद केली: ‘वस्तादांची वाक्ये अपूर्ण राहतात. पुढील भाग आपण समजून घ्यावा.’

दोन महिन्यांनी प्रात्यक्षिक ठरलं. व्यायामशाळेचे अध्यक्ष भाऊसाहेब ते बघायला येणार होते, आणि मैदान रोज संध्याकाळी बायकांना द्यायचं की नाही, हे त्यानंतर सांगणार होते. नाही म्हणाले तर वर्ग बंद. घराबाहेरचा तेवढा एकच तास आमच्यातल्या बहुतेकींच्या वाट्याला येत होता.

कौसल्या मला म्हणाली, “बाई, ह्या एका तासासाठी मी सासूसंगं तीन महिने भांडली. नीट करजो.”

मी जरा थांबले. पण तिनेही वाक्य पूर्ण केलं नाही.

मला सगळ्यात सोपं काम दिलं होतं. कडुलिंबाच्या फांदीला चुना लावलेलं पांढरं मडकं टांगायचं, त्यात गुलाल भरायचा, आणि शेवटी मी एका फटक्यात ते फोडायचं. “मडकं हालत नाई, पळत नाई,” वस्ताद म्हणाले. “शाळेची बाई हाय, शोभून दिसन.”

त्या दिवशी पुढच्या रांगेत आजोबा बसले होते, नवी टोपी घालून. कौसल्येने तर मैदान दणाणून सोडलं. भाऊसाहेब इतके खूश झाले, की मध्येच ‘वाहवा’ म्हणत उभेच राहिले. मग माझी पाळी आली. मी मडक्यासमोर पाय रोवले, काठी उगारली आणि डोळे अर्धे मिटले. (पूर्ण उघडे ठेवले की मला भीती वाटायची.) ताशेवाले जीव तोडून वाजवत होते.

इतक्यात भाऊसाहेबांना मडकं जवळून बघावंसं वाटलं. ते मांडवातून निघाले आणि थेट फांदीखाली आले. ते बघून वस्ताद घाबरले. ते ओरडले, “आता नोको, मागून मारजो! समोर येऊन राह्यले!” म्हणजे, आत्ता नको, नंतर मार, अध्यक्ष समोर येताहेत. अर्थ अगदी सरळ. पण पहिले तीन शब्द ताशाने गिळले, आणि माझ्या कानावर आलं ते एवढंच:

“...मारजो समोर येऊन राह्यले!”

मुलांनो, माझा आनंद काय सांगू! दोन महिन्यांत प्रथमच वस्तादांनी वाक्य पूर्ण केलं होतं! मार, जो समोर येतोय! (‘जो’ एकवचनी आणि ‘राह्यले’ अनेकवचनी, हा दोषही मला तेवढ्यात जाणवला. मी तो मनातल्या मनात दुरुस्त केला.) अर्धवट डोळ्यांनी पाहिलं, तर समोर खरोखरच काहीतरी पांढरं, गोल येत होतं. मी सगळा जोर लावून काठी हाणली.

तो भाऊसाहेबांचा फेटा होता.

फेटा जाडजूड, म्हणून भाऊसाहेब वाचले. पण त्याचं टोक माझ्या काठीत अडकलं. मी घाबरून काठी वर ओढली, तशी ती मडक्यावर बसली, आणि पायलीभर गुलाल आमच्या सगळ्यांवर आला. कुणाला काही दिसेना! खोकण्याचे आवाज तेवढे येत होते, आणि त्यातला एक अध्यक्षांचा होता. माझे हात झिणझिणले, काठी सुटली. कौसल्या मदतीला धावली आणि कुणाच्या पायात येऊ नये म्हणून तिने ती उचलली.

गुलाल खाली बसला, तेव्हा भाऊसाहेब बोडक्या डोक्याने, नखशिखांत लाल होऊन उभे होते. त्यांच्यासमोर कौसल्या उभी होती. काठी तिच्या हातात होती, आणि काठीला फेटा.

“हे काऊन केलं वो तू?” व्यायामशाळेचे चिटणीस तिच्या अंगावर ओरडले. “म्याच म्हणत होतो, ह्या लोकाइले वर्गात घेजा नोका म्हणून!”

भाऊसाहेब खोकत म्हणाले, “उद्यापासून ही इथे दिसता कामा नये.”

कौसल्येने माझ्याकडे पाहिलं. मी अंगावरचा गुलाल झटकू लागले.

इथवर मी तुम्हाला हसवत आणलं, पण हे सांगताना मान वर होत नाही. वस्ताद ओरडताना समोरच बघत होते, तेव्हा मारणारी मी, हे त्यांना माहीत होतं. तुमच्या आजोबांना माहीत होतं. चौदाजणींत मडकं फोडणारी कोण होती हे चिटणिसांनाही ठाऊक असायला हवं होतं, तरी बोट तिच्यावरच का गेलं, हे मलाही कळत होतं. मला शाळेतली नोकरी जाताना दिसत होती, मुख्याध्यापिकाबाई दिसत होत्या. भाऊसाहेबांना चहा दिला गेला, त्यांनी तो पूर्ण प्यायला, आणि तितका वेळ मी गप्प उभी होते.

शेवटी मी पुढे झाले. आणि भीतीने तोंडातून काय निघावं? इंग्रजी!

“सर, द फॉल्ट वॉज एन्टायर्ली माइन!”

चूक सर्वस्वी माझी, असं मी म्हणत होते. भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला आणि गहिवरून म्हणाले, “पाहा! शिकलेली बाई दुसरीसाठी कशी रदबदली करते!”

टाळ्या पडल्या! लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या! आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जमिनीकडे बघत बसले.

“मराठीत सांग ना वो बाई,” कौसल्या हळूच म्हणाली. “इंग्रजी कोणाले समजते इथं?”

मी तोंड उघडलं, आणि आयुष्यातलं पहिलं वऱ्हाडी वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं, तेही साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं:

“म्या मारलं! तिनं नाई, म्या!”

भाऊसाहेब वस्तादांकडे वळले. “खरं हाय का, रामाजी?”

“खरं हाय जी,” वस्ताद म्हणाले. “कौसल्या असती तर नेम चुकला नसता.”

भाऊसाहेबांनी कौसल्येच्या हातून आपला फेटा घेतला आणि तिला म्हणाले, “उद्या येजो.” मैदान बायकांना मिळालं. माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. वस्तादांनी मात्र माझी काठी कायमची काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी कौसल्येच्या घरी माफी मागायला गेले. तिने ऐकून घेतलं, पण लगेच माफ केलं नाही. म्हणाली, “एवढा चा पेईस्तोर गप राह्यली तू. मी मोजत होती.” मी खाली मान घालून तिला ‘जो’चं सगळं सांगितलं, वहीतल्या नोंदीसकट. ती भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“अवो बाई, येजो म्हंजे ये! जाजो म्हंजे जा! त्याच्यात ‘जो’ बी कोणी नाई आन् ‘तो’ बी कोणी नाई!”

पुढे कित्येक वर्षं तो वर्ग तिनेच चालवला. मी पुन्हा काठी धरली नाही. तेव्हा ईशा, तू मात्र परत जा, आणि ज्यांना लागलं त्यांना समजेल त्या भाषेत, चहा संपायच्या आत, सॉरी म्हण.

हिंगणघाटचा तो वर्ग अजून चालू आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढे चुन्याची एक जाड रेघ मारतात आणि कुणालाही ती ओलांडू देत नाहीत. तिला तिथे ‘बी.ए.ची रेघ’ म्हणतात.