माझ्या गालाची स्लाइड

संपादक मंडळाने दोनदा निरोप पाठवूनही हा लेख उशिरा देत आहे, त्याबद्दल माफी असावी. मी सातवी शिकलेला माणूस. सरांच्या एकसष्टीच्या पुस्तकात माझ्या हातून शास्त्राचे काही चुकीचे लिहिले जाईल, या धास्तीने तीन कागद फाडले.

१९९९ साली रहांगडाले सर आमगावला आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला आले. मी प्रयोगशाळेत परिचर होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवले. “रोज पुसता ना भाऊ, मंग एकदा पाहून तं घ्या!” कांद्याच्या पेशी विटांसारख्या रचलेल्या दिसल्या, प्रत्येकीला स्वतःची भिंत. मी बोडीतून, म्हणजे गावच्या लहान तळ्यातून, आणलेल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात हिरवे कण फिरत होते. उन्हात झाडाचे अन्न तेच तयार करतात, असे सरांनी सांगितले.

प्राण्याच्या पेशीला भिंत नसते, नुसते पातळ पटल असते. ती दाखवायला गाल आतून काडीने खरवडावा लागे. मुले लाजत, म्हणून दरवर्षी माझाच गाल. पोट्टे हसत, “काका, गालाले भोक पडन जी!” निळा रंग टाकला की मधोमध ठिपका उठे. ते केंद्रक, पेशीचा कारभार तेच पाहते.

एका पावसाळ्यात सर माझी स्लाइड बराच वेळ पाहत राहिले. “ही बिघडली,” असे वर्गाला सांगून त्यांनी स्वतःचा गाल खरवडला. मुले गेल्यावर दार लावले.

“तोंड उघडा. हा पांढरा चट्टा कधीचा? खर्रा खाऊन राहिले का?”

“नाही जी.” तंबाखू-सुपारीची पुडी खिशातून डोकावत होती.

“केंद्रकं मोठाली दिसून राहिली. मी डॉक्टर नाही. उद्या गोंदियाले जाऊ.”

“धानाचा रोवणा सुरू आहे जी, सर.”

“रोवण्याले दुसरा माणूस भेटते. तुमच्या घरवालीले भेटन का?”

कर्करोगाची सुरुवात निघाली. नागपूरला माझ्या गालाचा तुकडा काढला, तेव्हा सर रजा टाकून चार दिवस माझ्याजवळ थांबले. शाळेत त्यांनी कोणाला एक शब्द सांगितला नाही. मी मात्र त्यांच्याशी खोटे बोललो, त्याची माफी अजून मागितली नव्हती. ती येथे मागतो.

सरांपेक्षा वयाने मोठा आहे, म्हणून आशीर्वाद देतो: त्यांना भरपूर आयुष्य मिळो, डोळे आणि गुडघे शेवटपर्यंत साथ देवोत.

त्या ऑपरेशनपासून माझे तोंड दोनच बोटे उघडते, बोलणे लोकांना समजत नाही. कृपया सत्काराच्या दिवशी मला मंचावर बोलायला उभे करू नये. हा लेख दुसऱ्या कोणी वाचावा. सरांना मात्र माझे बोलणे समजते. त्यांच्या शेजारची खुर्ची मिळेल काय, तेवढे लवकर कळवावे.