मिलमधला उत्तर ध्रुव

मी आठ दिवस उत्तर ध्रुवावर गाईड होतो, तेही इंदूर न सोडता. भाद्रपदाच्या उकाड्यात अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, हातात टॉर्च.

बाबा कापड मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. मिल बंद पडली, पगार गेला, ते त्यांनी सोसलं. पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत आपल्या मिलची झांकी, म्हणजे ट्रकवरचा रोषणाईचा देखावा, नसणार, हे काही त्यांना सोसेना. राजवाड्याजवळच्या कापड व्यापाऱ्यांकडे वर्गणी मागायला गेले, तर उत्तर एकच, "भिया, बंद मिल की कैसी झांकी?"

त्याच सुमारास शेजारी केबल टीव्ही आला. त्यावर बाबांनी ध्रुवाकडच्या आकाशात हलणारे हिरवे पडदे पाहिले. हातातला चहा निवला. "हे तर मलमलीत होईल," म्हणाले.

मिलचा चौकीदार आपलाच. संध्याकाळनंतर त्याच्याकडून गेटची कडी नीट लागेनाशी झाली. रिकाम्या शेडमध्ये मलमलीचे पट्टे टांगले, बल्बांना हिरवा जिलेटीन कागद लावला आणि मागे शिड्यांवर बाबा धरून सहा जुने कामगार बांबूंनी पट्टे हलवू लागले. अंधारात खरोखर आकाश हलायचं! वस्तीत बातमी फुटली आणि माझ्या सहली सुरू झाल्या, एका वेळी वीस माणसं.

"इथे सहा महिने रात्र असते," मी घोगऱ्या आवाजात सांगायचो.

"मग दूधवाला कधी येतो रे?" एका काकूंनी विचारलं.

"एकदाच येतो काकू. सहा महिन्यांचं घालून जातो."

फोटोला परवानगी होती, फ्लॅशला नव्हती. कॅमेरा स्टुलावर ठेवायचा आणि मी दहा म्हणेपर्यंत सगळ्यांनी पुतळा व्हायचं. इंदूरकराला ध्रुवावर जाणं सोपं, पण दहा आकडे तोंडातली शेव न चावता उभं राहणं महाकठीण.

मग एका पेपरचा फोटोग्राफर आला. बाबांनी मला बाजूला घेतलं. "पेपरात छान आलं तर व्यापारी आपणहून येतील. नाही तर झांकी संपली. याला सांभाळ."

मी सांभाळलं असतं हो. पण एवढा मोठा प्रेक्षक पाहून मला चेव चढला. ध्रुवावरचं पांढरं अस्वल सांगता सांगता मी स्वतःच अस्वल झालो, चार पायांवर आलो आणि डरकाळी फोडली. फोटोग्राफरनं खूश होऊन कॅमेरा उचलला आणि फ्लॅश मारला.

सकाळी पेपरात माझ्या मागे आकाश नव्हतंच. होती विरलेली मलमल, तिच्यामागे शिड्यांवरची सहा माणसं आणि त्यांत मधोमध आ वासलेले बाबा.

"अख्ख्या इंदूरनं माझी फाटकी बनियान पाहिली," बाबा म्हणाले. "अस्वल कशाला व्हायचं होतं तुला?"

संध्याकाळी तोच पेपर घडी करून राजवाड्याजवळच्या व्यापाऱ्यांपैकी एक शेठजी आले. आकाश पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बढ़िया. अब बत्ती जलाओ, वो आदमी दिखाओ."

बत्ती लागली. शेठजी सहा जणांकडे बघतच राहिले. "तीस साल इस मिल का कपड़ा बेचा, मिलवाले आज देखे." ट्रक माझा, जनरेटर माझा, म्हणाले. अट एकच, माणसं दिसली पाहिजेत.

झांकी निघाली. दर चौकात आधी हिरवं आकाश हलायचं, मग झगझगीत दिवे लागायचे आणि सहा जण दिसले की शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. बाबांनी नवी बनियान घातली होती, तीही इस्त्री करून.

मला शिक्षा झाली होती. ट्रकच्या पुढच्या टोकाला, कापसानं मढवलेल्या पोत्यात, मी रात्रभर अस्वल होतो.